टेकडीवरची घाणेरी आणि गिरिपुष्प: मुळासकट काढायचं कसं?

कातळफूल:

पुण्याच्या टेकड्यांवर (वेताळ, तळजाई, बाणेर) रविवारी श्रमदान करणारे बरेच गट आता रोपं लावण्यासोबत घाणेरी (टणटणी, लँटाना; देशी झाडोऱ्याची जागा बळकावणारं परदेशी काटेरी झुडूप) काढायलाही लागलेत. पण बहुतेक ठिकाणी काम कोयत्यावरच थांबतं. वरून छाटलेली घाणेरी मरत नाही. बुंध्याला दहा नवे धुमारे येतात आणि पुढच्या पावसाळ्यात जाळी आधीपेक्षा दाट होते. म्हणून पद्धत सविस्तर लिहितो. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी भर घालावी, पटलं नाही तर खोडून काढावं.

घाणेरीचं खोड जिथे मुळाला मिळतं तिथे, जमिनीलगत आणि जरा खाली, एक गाठाळ भाग असतो. फुटव्याचे डोळे याच भागात असतात. त्याच्या खालचं मूळ तोडलं तर उरलेल्या मुळातून सहसा फूट येत नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात हीच पद्धत वापरली. मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर तोडायचं, गड्डा उचलायचा आणि मुळं वर, फांद्या खाली असा उलटा ठेवायचा. अख्खं झाड खणून काढायची गरज नाही, मोठा खड्डा होत नाही, माती फारशी उकरली जात नाही.

प्रत्यक्ष करताना तिघांची जोडणी बरी पडते. एकाने कोयत्याने बारीक काटेरी फांद्या उतरवायच्या, पण खोडाचा दीड-दोन फुटांचा दांडका ठेवायचा, कारण पुढे धरायला तोच लागतो. दुसऱ्याने बुंध्याभोवतीची माती खुरप्याने चार बोटं बाजूला करून गाठ उघडी करायची. मग कुदळीच्या चपट्या पात्याने गाठीखाली तिरका घाव. तिसऱ्याने त्याच वेळी दांडका स्वतःकडे ओढत राहायचं. ताण असला की दोन-तीन घावांत मूळ सुटतं. ताण नसेल तर कुदळ नुसती आपटत राहते आणि गाठ चिरून अर्धी आतच राहते. अर्धी राहिलेली गाठ म्हणजे न काढलेलीच घाणेरी.

हातमोजे चामड्याचे घ्या. सुती मोज्यांतून काटे आरपार जातात.

पवन्या:

पद्धत बरोबर आहे, अनुमोदन. हंगामाबद्दल लिहायला हवं होतं, ते मी लिहिते.

सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा आपल्याकडचा खरा काळ. मुरूम अजून ओलसर असतो, त्यामुळे मूळ मोकळं होतं. पावसाळ्यात घाणेरीच्या जाळीत बुलबुल, मुनिया यांची घरटी असतात, ती बहुतेक रिकामी झालेली असतात. तरीही घाव घालण्याआधी प्रत्येक जाळी वाकून आतून बघायची. घरट्यात अंडी किंवा पिल्लं दिसली तर त्या जाळीला कापडाची पट्टी बांधून पुढे जायचं, महिन्याने परत यायचं.

एप्रिल-मे मध्ये सुट्ट्या असतात म्हणून शिबिरं ठेवतात, ते या कामाला चुकीचं आहे. कोरडा मुरूम दगडासारखा होतो, कुदळ उसळते, मूळ गाठीच्या वरच तुटतं. माणसं दमतात आणि काम होत नाही.

दुसरं म्हणजे फळं. घाणेरीला फळं जवळपास वर्षभर असतात, हिरवी आणि पिकून काळी-जांभळी झालेली एकाच फांदीवर. जाळीला हात लावण्याआधी काळे घोस खुडून गोणीत भरायचे. नाहीतर तोडताना सगळं बी नेमकं आपण मोकळ्या केलेल्या मातीवर सांडतं.

टिकाव:

सुरक्षेचं कुणी लिहीत नाही. टेकडीवर घोणस आणि फुरसं दोन्ही असतात, आणि घाणेरीखालचा पाचोळा, दगड हीच त्यांची जागा. पाच मिनिटं लांब काठीने जाळी झोडपायची, पाय आपटायचे, मगच आत हात. गमबूट किंवा घोट्यावरचे बूट. उघड्या दगडाखाली बोटं घालायची नाहीत, दगड पहारीने उलटवायचा. कुदळ चालवणाऱ्याच्या मागे आणि समोर दोन मीटर कुणी नको. लहान मुलं आली असतील तर त्यांना फळं खुडण्याचं आणि देशी रोपांना पट्ट्या बांधायचं काम द्या, कोयता नको.

जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे ते काम सुरू व्हायच्या आधी माहीत असावं, आणि तिथवर जायला गाडी पायथ्याला उभी असावी.

झाडबी:

देशी रोपांना पट्ट्या बांधणं हे काम खरं तर सगळ्यात आधीचं. नवखे स्वयंसेवक सरसकट कापत जातात. घाणेरीच्या जाळीतच मुरडशेंग, धायटी, हेंकळ, गणेर यांची रोपं तग धरून असतात, कारण तिथे गुरं तोंड घालत नाहीत. तीच पुढची टेकडी आहे.

ओळख साधी आहे. घाणेरीचं खोड चौकोनी, त्यावर मागे वळलेले बारीक काटे, पानं समोरासमोर आणि खरखरीत, चुरडली की उग्र वास. मुरडशेंगेची पानंही खरखरीत असतात म्हणून गोंधळ होतो, पण ती एकाआड एक येतात. धायटीची पानं समोरासमोर असली तरी मागच्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसतात, आणि खोडाला काटे नसतात. शंका आली तर पान चुरडा आणि खोडावरून बोट फिरवा. तरीही शंका राहिली तर कापू नका, पट्टी बांधा.

पट्ट्या जुन्या सुती साडीच्या असाव्यात. प्लास्टिकची फीत टेकडीवर राहून जाते.

डोंगरवाट:

प्रश्न आहे. आमच्या भागात एका टेकडीवर जेसीबी लावून एका दिवसात दोन एकर घाणेरी काढायचा विचार चाललाय. माणसांनी करायला दोन हंगाम जातील. त्यात काय धोका?

कातळफूल:

धोका मोठा आहे. जेसीबी घाणेरीसोबत वरची सगळी माती आणि त्यातलं गवताचं मूळ उचलतो. टेकडीवर मातीच वीतभर असते. उघड्या मुरमावर पहिल्या पावसात आधी गाजरगवत येतं, मग भूसतुळस, आणि जमिनीतलं घाणेरीचं बी वर आल्यामुळे तीही येते. दोन एकर घाणेरी जाऊन दोन एकर गाजरगवत मिळतं. उतारावर असेल तर मातीही वाहून जाते.

दोन हंगाम लागत असतील तर लागू द्यावेत. दाट घाणेरीत दहा माणसं अडीच तासांत साधारण 10 बाय 10 मीटरचा तुकडा व्यवस्थित करतात, असं धरून नियोजन करा. त्याहून जास्त झालं असेल तर बहुतेक गाठी आत राहिल्यात असं समजा आणि फेरी मारा.

सिडनीकर:

घाणेरीचा त्रास इकडे ऑस्ट्रेलियातही तसाच आहे. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, आपल्याकडे आणि इकडे दोन्हीकडे 19व्या शतकात बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून आली. सिडनीत 1960च्या दशकात मॉसमन भागात ब्रॅडली बहिणींनी जी शिस्त बसवली ती इथले स्वयंसेवक अजून पाळतात, आणि टेकडीला ती चपखल बसेल असं वाटतं.

त्यांचं म्हणणं असं: जिथे देशी झाडोरा सगळ्यात चांगला आहे तिथून सुरुवात करा आणि वाईट भागाकडे सरका. माती कमीत कमी हलवा, वरचा पाला परत तिथेच पसरा. आणि देशी झाडं जितक्या वेगाने जागा भरतील तितक्याच वेगाने पुढे जा. आपली सवय नेमकी उलटी असते. सगळ्यात दाट घाणेरी दिसली की तिथेच हात घालतो. तिथे देशी बी उरलेलंच नसतं, त्यामुळे जागा मोकळी केली तरी भरायला कुणी नसतं.

दहा फुटांच्या अंतरात गवत, दोन-चार धायट्या आणि मध्ये एकच घाणेरी असेल, तर ती एक काढणं हे त्या सकाळचं सगळ्यात मोलाचं काम. फोटोत काहीच दिसत नाही, पण पाच वर्षांनी फरक तिथेच पडतो.

पवन्या:

हे मला फार पटलं. शिवाय दाट जाळ्या एकदम काढल्या तर मुंगूस, तितर, सातभाई यांचा आसरा एका दिवसात जातो. मोराची अंडीही अशाच आडोशाला असतात. म्हणून सलग पट्टा साफ न करता तुकडे पाडा, मध्ये जाळ्या राहू द्या, आणि शेजारची धायटी-हेंकळ कमरेएवढी झाली की उरलेल्या काढा. तीव्र उतारावर तर समतल रेषेत घाणेरीची एक आडवी ओळ मुद्दाम ठेवावी, माती अडते. फक्त त्या ओळीची फळं दर महिन्याला खुडायची.

खुरपं:

काढलेल्या घाणेरीचं काय करायचं? आमच्याकडे ढीग लावून पेटवतात.

टिकाव:

पेटवू नका. नोव्हेंबरनंतर टेकडीवरचं गवत वाळलेलं असतं, ठिणगी उडाली की अख्खा उतार जातो. वनजमिनीवर आग लावणं हा गुन्हाही आहे.

ढीग उघड्या कातळावर लावा, मुळं आकाशाकडे. ओल्या मातीवर पडलेल्या फांदीला पेरांतून मुळं फुटतात, म्हणून पावसाळ्यात काही काढलं तर मातीवर ओढत नेऊ नका, उचलून न्या. समतल चरांत (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेल्या चरांत) तर अजिबात टाकू नका, तिथे ओल टिकते. ढीग झाडाच्या बुंध्याशी नको, कारण आग लागलीच तर ते झाड आधी जातं. दोन महिन्यांत काड्या कुरकुरीत होतात, मग पायाने तुडवून पसरल्या की गवताखाली आच्छादन होतं. फळांच्या गोण्या मात्र टेकडीवरून खाली न्यायच्या, काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उन्हाळाभर उन्हात ठेवायच्या.

जाड सरळ काड्या वापरता येतात. कर्नाटकात मलै महादेश्वर डोंगरात सोलिगा लोक त्या उकळून, साल सोलून खुर्च्या-टेबलं बनवतात. पण वनजमिनीवरून काडीही न्यायची तर वनखात्याची लेखी परवानगी लागते.

झाडबी:

परवानगीचा विषय निघालाच आहे तर: काढण्यासाठीसुद्धा परवानगी लागते. टेकडीचा कोणता भाग वनखात्याचा, कोणता महापालिकेचा, कोणता खासगी, हे आधी बघा. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र. त्यात जागेचा नकाशा, कोणत्या जाती काढणार, कोणत्या पद्धतीने, कोणत्या तारखांना आणि किती माणसं हे स्पष्ट लिहा. ‘तण काढणार’ एवढंच लिहिलं तर पुढे वाद होतात. पहिल्या दिवशी वनरक्षकांना सोबत घ्या, रोपांना बांधलेल्या पट्ट्या दाखवा. झाड तोडायचं असेल, मग ते गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, टेकड्यांवर लावलेलं परदेशी झाड) का असेना, तर वेगळी परवानगी. महापालिका हद्दीत 1975च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं.

डोंगरवाट:

गिरिपुष्पाबद्दल मतभेद असतात. लोक म्हणतात, हिरवं आहे, सावली आहे, का काढता?

कातळफूल:

लोकांचा राग समजून घ्यायला हवा. ज्यांनी टेकड्या उघड्या-बोडक्या पाहिल्या आहेत त्यांना झाड जाताना बघवत नाही. त्यांना गिरिपुष्पाच्या रानात नेऊन खाली वाकून बघायला सांगा. फेब्रुवारीत गुलाबी फुलं छान दिसतात, मधमाश्याही येतात, पण खाली कुसळी, पवन्या, मारवेल यातलं कोणतंच गवत नसतं. नुसता पाचोळा. या टेकड्या मुळात गवताळ, मध्ये विखुरलेली सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, हिवर. चंडोल पक्ष्याला उघडं गवत लागतं, बंद छत नाही. मूळच्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या झाडाची एकसुरी लागवड हे इथलं रान नव्हे.

पण सरसकट तोड मलाही नको. उपाय असा: गिरिपुष्पाखाली फिरून देशी रोपं शोधा. एक मीटर उंचीचा गणेर किंवा मोई सापडला की त्याच्याभोवती दोन-तीन मीटरच्या वर्तुळातल्या गिरिपुष्पाच्या फांद्याच आधी उतरवा. ऊन मिळालं की देशी रोप दोन पावसाळ्यांत उठतं. ते सावरलं की मग शेजारचं गिरिपुष्प काढा. बाहेरून बघणाऱ्याला टेकडी कधीच बोडकी दिसत नाही.

तोडायची वेळ जूनच्या सुरुवातीची. फुलं, शेंगा आणि नवी पालवी यांत झाडाचा साठा बराच खर्च झालेला असतो, म्हणून फुटवे कमजोर येतात. जमिनीलगत तोडा आणि पावसाळाभर दर तीन आठवड्यांनी फुटवे हाताने मोडा. कोयत्याने छाटू नका, बुडासकट ओरबाडून काढा. छाटलेल्या फुटव्याच्या बुडाशी डोळे राहतात. साल काढून वाळवायची पद्धतही चालते, एक फूट रुंद पट्टा, आतला ओला चिकट थर खरवडून. पण पट्टा अगदी जमिनीला टेकलेला हवा, नाहीतर त्याच्या खालून फुटतं. दोन पावसाळे हे केलं नाही तर सगळी मेहनत फुकट.

तोडलेल्या फांद्या ओल्या मातीत उभ्या राहू देऊ नका. कुंपणाला गिरिपुष्प लावतात ते अशाच खुंट्या रोवून.

खुरपं:

शेंगांचंही सांगा. उन्हात तडकतात तेव्हा बी वीसेक मीटर लांब फेकतात, म्हणून एका झाडाभोवती मोठं वर्तुळ तपासावं लागतं. रोप पहिल्या पावसाळ्यात दोन बोटांनी उपटतं, दुसऱ्या वर्षी कुदळ लागते. सुबाभळीचं तसंच, किंबहुना वाईट. सोटमूळ झपाट्याने खाली जातं आणि बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. गिरिपुष्पाच्या पाल्यात नत्र भरपूर, कोकणात भातखाचरात घालतात, त्यामुळे परवानगी मिळाली तर पाला शेतकऱ्याला द्यावा. टेकडीवर ढीग राहिला तर नत्राच्या जोरावर तणच आधी माजतं.

खारफुटी:

ग्लायफोसेट हे तणनाशक बुंध्याला लावलं तर फुटवे मोडायची कटकट वाचेल ना?

टिकाव:

टेकडीवर नको. 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणणारी अधिसूचना काढली, स्वयंसेवकांच्या हातात ते देणं योग्य नाही. उतारावरचं पाणी खाली खाणीच्या तळ्यात आणि ओढ्यात जातं. शिवाय फवारा घाणेरी आणि धायटी यांत फरक करत नाही. फुटवे मोडायला दहा माणसं दर तीन आठवड्यांनी दोन तास आली तरी पुरतं.

पवन्या:

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, काढल्यानंतरचा.

मोकळ्या जागेत पहिल्या जुलैत घाणेरीची रोपं गालिच्यासारखी उगवतात. बुलबुल ज्या फांदीवर बसतात तिच्याखाली सगळ्यात जास्त. ती सहा इंचांची असताना, जमीन ओली असताना उपटायची. जुलै अखेर एक फेरी, सप्टेंबरमध्ये दुसरी. असं सलग तीन पावसाळे. पहिल्या वर्षीचं श्रमदान पन्नास माणसांचं आणि पुढच्या वर्षी तिघंच, असं होणार असेल तर सुरुवातीलाच तुकडा लहान घ्या. पुढच्या तीन पावसाळ्यांत जितकं निंदून होईल तितकंच आज काढायचं, हा माझा ठाम आग्रह आहे.

गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, मोजे आणि मुखपट्टी घालून, अंगावर पुरळ उठतं, दमा बळावतो. एका झाडाला हजारो बिया असतात. 1955 मध्ये ते आपल्या देशात पहिल्यांदा पुण्यातच नोंदलं गेलं, तेव्हा या शहराने तरी ते मनावर घ्यावं. जबलपूरचं तण संशोधन निदेशालय दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह पाळतं, तोच उपटण्याचा बरा काळ. पानांवर पांढरट-पिवळे, काळ्या नागमोडी रेघांचे भुंगेरे दिसले तर ती झाडं ठेवा. ते 1980च्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम आणलेले झायगोग्रामा भुंगेरे आहेत, पानं तेच फस्त करतात. मोकळ्या कडांना मे अखेर टाकळ्याचं बी फेकलं तर तो गाजरगवताला दाबतो.

झाडबी:

आणि गवताचं बी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच टेकडीवरच्या चांगल्या भागातून पवन्या, मारवेल, कुसळीच्या तुऱ्यांचं बी हाताने ओरबाडून कागदी पिशवीत ठेवायचं. एका जागेवरून तिसऱ्या हिश्शाहून जास्त घेऊ नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाळलेल्या मातीत मिसळून फेकायचं, पुरायचं नाही.

कुसळीचं बी जवळून बघा. टोकाला सुईसारखी अणी, मागे लांब काळपट कुसळ, खालच्या भागात दोरीसारखा पीळ. तळहातावर ठेवून थेंबभर पाणी टाका. पीळ उलगडतो, कुसळ गोल फिरते आणि अणी कातडीत टोचायला लागते. वाळलं की परत पीळ बसतो. पहिल्या सरी आणि मधली उघडीप यांत बी स्वतःच जमिनीत शिरतं. म्हणून पहिल्या पावसाआधी फेकायचं, मुसळधारेत फेकलं तर वाहून जातं.

डोंगरवाट:

मोकळ्या जागेत वड-पिंपळ लावावेत का?

झाडबी:

गवताळ उतारावर नको. वीतभर मातीत टँकरने पाणी घालून जगवलेला वड त्या जागेचा नाही, आणि खड्डे खणताना पुन्हा माती उघडी पडते. गवत बसू द्या, धायटी आणि मुरडशेंग आपसूक येतील. ओढ्याकाठी खोल माती असेल तिथे करंज, उंबर यांचा विचार करता येईल.

खारफुटी:

कोकणात आमच्याकडे घाणेरीपेक्षा रानमोडी जास्त. हीच पद्धत चालेल?

कातळफूल:

रानमोडीचं मूळ उथळ असतं, ओल्या जमिनीतून बुंधा धरून सरळ वर ओढली की निघते, कुदळ क्वचित लागते. पण वेळ पाळा. डिसेंबरच्या आसपास फुलते, मग कापसासारखं बी वाऱ्यावर जातं. म्हणून ऑक्टोबर अखेरपर्यंत उपटून संपवायची. फुललेली असेल तर शेंडे आधी कापून गोणीत घ्या. जाळू नका, आगीनंतर बुडातून जोमाने फुटते.

सिडनीकर:

नोंदींबद्दल एक. काम सुरू करण्याआधी 1 मीटर बाय 1 मीटरचे पाच-सहा चौकोन दगडांनी आखा, निम्मे साफ करायच्या भागात, निम्मे न साफ केलेल्या भागात. दर सप्टेंबरमध्ये प्रत्येकात कोणतं गवत, किती झुडपांची रोपं, किती घाणेरीची रोपं, एवढंच मोजा. त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेने फोटो. वनखात्याकडे पुढच्या वर्षीची परवानगी मागताना हा कागद कामी येतो.

पवन्या:

चौकोनांचे दगड चुन्याने रंगवा आणि जीपीएसची नोंद ठेवा, गवत वाढलं की दगड सापडत नाहीत. आणि मोजायला घाणेरी काढणाऱ्या गटातलाच नव्हे, बाहेरचा एक जण घ्या.